"परवानगीचं मी बघतो" म्हणणाऱ्या ठेकेदाराला उचल देण्याआधी



दसरा झाला की मावळात दोन कामांना जोर येतो: भातकापणी आणि बांधकाम. दुकानात पत्रा, सिमेंट, पाइप घ्यायला गर्दी होते आणि काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "दादा, घर थोडंच बांधतोय? अंगणातच करायचंय. परवानगी कशाला?" कोणाला होमस्टेच्या मागे गॅझेबो हवा असतो, कोणाला गाडीसाठी शेड, कोणाला स्विमिंग टँक. उतारावर प्लॉट असेल तर संरक्षक भिंत आलीच.

खरं उत्तर सांगतो. बहुतेक वेळा परवानगी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम त्यात येतं. रंग, प्लास्टर, फरशी बदलणं याला कोणी विचारत नाही. पण "नटबोल्टचं आहे, उद्या काढता येईल" या वाक्यावर विसंबून राहू नका. २०२० च्या एकात्मिक नियमावलीत तात्पुरत्या बांधकामासाठीसुद्धा वेगळी परवानगी सांगितली आहे. विनापरवाना कामाला कलम ५३ ची नोटीस येते. कलम ५२ मध्ये तर एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

आता जायचं कुठे? लोणावळा शहराच्या हद्दीत असाल तर नगरपरिषद. तळेगाव दाभाड्याला तिथली नगरपरिषद. कार्ला, मळवली, पवनानगर, कामशेत अशा गावांसाठी पीएमआरडीए. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हातात आला, घरपट्टीची पावती फाटली, की काम अधिकृत झालं असं समजतात. घरपट्टी हा कर आहे, बांधकाम परवानगी नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आधी तपासा. कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी आणि लोहगड, विसापूर हे किल्ले केंद्र संरक्षित आहेत. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम चालत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्वाची वेगळी परवानगी लागते. भाज्याला लेणी दिसेल असा डेक बांधायचं स्वप्न असेल तर आधी मोजणी करून घ्या, लाकूड नंतर निवडा.

आता माझी गोष्ट. वडिलांच्या नावावर उताराचा प्लॉट आहे. चाळीस रनिंग फूट भिंत घालायची ठरली. मी बीबीए केलेला, लोकांना धंद्याची कागदपत्रं शिकवणारा! ठेकेदार म्हणाला, "परवानगीचं मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका." मी साठ हजार उचल दिली. करार केला नाही. ओळखीचा माणूस, कागद मागायला लाज वाटली.

त्याने जेसीबी लावून उतार कापला. निघालेला मुरूम डंपरने बाहेर गेला. किती ब्रास गेला, कुठे गेला, मी विचारलंच नाही. मुरूम गौण खनिज आहे. प्लॉटबाहेर न्यायचा तर तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. विनापरवाना नेला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस आली ती वडिलांच्या नावाने, कारण सातबाऱ्यावर नाव त्यांचं. आयुष्यात पोलीस पाटलासमोरही उभे न राहिलेले वडील कार्यालयाच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसले होते. ठेकेदाराचा फोन बंद.

आणि जुलैमध्ये भिंत फुगली. आपल्याकडे लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतीमागचं पाणी बाहेर पडायला पाइप ठेवले नव्हते, मागे दगडाची भरणी नव्हती. पाण्याने भिंत पुढे ढकलली. खाली शेजाऱ्यांचा गोठा होता. नशीब, जनावरं बाहेर होती.

दुसऱ्यांदा भिंत घातली तेव्हा आधी परवाना काढला. परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा घेतला, मोजणीची प्रत, सातबारा आणि झोन दाखला जोडून अर्ज केला. नवीन ठेकेदाराशी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार केला. दर रनिंग फुटाचा लिहिला. मजुरीचा की मालासह, तेही लिहिलं. पाण्याचे पाइप किती अंतरावर, मुरूम कुठे टाकणार, मजुराला इजा झाली तर खर्च कोणाचा, सगळं त्यात आलं. पैसे टप्प्याने दिले: पाया भरल्यावर, भिंत अर्ध्यावर आल्यावर, पूर्ण झाल्यावर. दहा टक्के एक पावसाळा काढेपर्यंत राखून ठेवले. त्या अटीवर तो कुरकुरला. पण दुसऱ्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच मोबाइलमध्ये भिंतीचा फोटो काढून पैसे न्यायला आला.

तुमच्यापैकी बरेच जण स्वतः ठेकेदार आहात. तुम्हाला एकच सांगतो, कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिहा: "परवानगीची प्रत मिळाल्यावर काम सुरू." एखादं गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे. मध्येच काम थांबलं की अडकलेली मजुरी आणि सेंट्रिंगचं भाडं तुमच्याच खिशातून जातं.

परवाना एक वर्ष चालतो, नंतर मुदतवाढ घेता येते. त्यामुळे अर्ज लवकर टाकला तर नुकसान नाही. जून ते सप्टेंबर खोदकाम करू नका, पण कागद तेव्हाच फिरवा. कराराचा नमुना पुढच्या व्हिडिओत ओळीओळीने वाचणार आहे. तोपर्यंत भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाकून ठेवा, तारीख मिळायला वेळ लागतो.