समुद्रकिनाऱ्यावरील सहल : सामानाची पूर्वतयारी

कोकणच्या किनाऱ्यावर शालेय सहल नेताना सामानाची यादी हा केवळ सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीस आलेल्या १४ विद्यार्थ्यांना समुद्रात प्राण गमवावे लागले.

प्रत्येक विद्यार्थ्याजवळ सैल सुती कपडे, जादा जोड, टोपी, पंचा व पाण्याची बाटली असावी. दमट हवेत घामावाटे शरीरातील पाणी व क्षार कमी होतात. म्हणून शिक्षकांनी जलसंजीवनीची पाकिटे, तसेच प्रथमोपचार पेटी, शिट्टी, लांब दोर व विद्यार्थ्यांची नावनिशीवार यादी बरोबर घ्यावी.

या सामानात सर्वांत हलकी, परंतु मोलाची वस्तू म्हणजे पंचांग. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने कळते. चतुर्थीस सुमारे ३, अष्टमीस सुमारे ६ वाजता. त्यानंतर सुमारे सहा तास ओहोटी असते व पाणी माणसास आत ओढते. त्या काळात कोणासही पाण्यात उतरू देऊ नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात विशेष दक्षता घ्यावी. स्थानिक मच्छीमार व ग्रामपंचायत यांचा सल्ला प्रमाण मानावा आणि यादीतील प्रत्येक नावाची हजेरी झाल्याखेरीज किनारा सोडू नये.