काटकसरीचा हुकूम

दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावं, हे आता दवाखान्यातल्या तक्त्यांपासून मोबाइलच्या गजरापर्यंत सगळीकडून सांगितलं जातं. अमेरिकेतल्या डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयातले मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ मध्ये या आकड्याचा उगम शोधायचा प्रयत्न केला. निरोगी माणसासाठी त्याला आधार देणारा पुरावा त्यांना सापडला नाही. सापडली ती १९४५ ची एक अमेरिकी आहारशिफारस. प्रौढाला रोज साधारण अडीच लिटर पाणी लागतं, असं तिच्यात म्हटलं होतं आणि लगेच पुढे, त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं, असंही. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं मागेच राहिलं. व्हाल्टिन यांच्या शोधानंतर शहाण्या माणसांचा सल्ला साधा झाला: तहान लागली की प्या, बाकीची चिंता शरीर वाहतं. आठ ग्लासांच्या आकड्यावरचा आक्षेप रास्त होता. त्यातून काढलेली ही निश्चिंती मात्र अर्धीच खरी आहे, कारण ही चिंता शरीर कशाच्या जोरावर वाहतं, हे त्यात विचारलेलंच नाही.

हे काम व्हॅसोप्रेसिन नावाच्या संप्रेरकाकडे आहे. ते मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठतं. हायपोथॅलॅमसच्या परिसरातल्या काही पेशी रक्ताची दाटी सतत मापत असतात. ही दाटी एक-दोन टक्क्यांनी वाढली, तरी व्हॅसोप्रेसिन रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडाला निरोप पोचतो: पाणी सोडू नकोस. त्यासरशी मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशी पाण्यासाठीची दारं उघडतात आणि लघवीवाटे जाऊ पाहणारं पाणी पुन्हा रक्तात ओढून घेतात. (या दारांच्या कुळातला पहिला रेणू ओळखणारे पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) लघवी थोडी आणि गडद होते, रक्त मात्र होतं तसं राहतं. यात क्रम महत्त्वाचा आहे. साधारणपणे व्हॅसोप्रेसिन आधी वाढू लागतं आणि तहान त्याच्या मागून येते. घसा कोरडा पडला, असं आपण म्हणतो तोवर काटकसरीचा हुकूम निघून गेलेला असतो.

याचा अर्थ असा, की कमी पाणी पिणारा माणूस सहसा ‘कोरडा’ पडलेला नसतोच. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दिवसाला जेमतेम सव्वा लिटरपर्यंत पेय घेणारे आणि दोन ते चार लिटर घेणारे अशा निरोगी माणसांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही गटांत रक्ताची दाटी सारखीच निघाली. फरक होता तो लघवीत आणि संप्रेरकांत. कमी पिणाऱ्यांच्या रक्तात व्हॅसोप्रेसिन आणि ताणाच्या प्रसंगी वाढणारं कॉर्टिसॉल जास्त होतं. नेहमीच्या रक्ततपासणीत हे दिसणार नाही. खर्च वाढला तरी खात्यातली शिल्लक तेवढीच दिसावी, तशातला हा प्रकार. म्हणून ‘मला पाणी कमी पडतं का’ या प्रश्नापेक्षा ‘माझं शरीर हा हुकूम दिवसातून किती वेळ चालू ठेवतं’ हा प्रश्न मला जास्त उपयोगाचा वाटतो.

व्हॅसोप्रेसिनचा निरोप फक्त मूत्रपिंडाकडे गेला असता, तर फारसं बिघडलं नसतं. पण त्याला ओळखणारे ग्राही रक्तवाहिन्यांत आहेत, यकृतात आहेत आणि पियुषिकेतही आहेत. यकृतात ते साठवलेली साखर मोकळी करायला मदत करतं. पियुषिकेत ते अशा संप्रेरकाला चालना देतं, जे पुढे अधिवृक्क ग्रंथींकडून कॉर्टिसॉल सोडवून घेतं. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये नेमका हाच धागा तपासला. सोळा-सोळा तरुणांचे दोन गट, एक दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्यांचा आणि दुसरा भरपूर पिणाऱ्यांचा. दोघांना परीक्षकांसमोर नोकरीच्या मुलाखतीसारखं बोलायला आणि तोंडी गणितं करायला लावलं. छातीतली धडधड आणि घबराट दोन्हीकडे सारखीच होती, पण कॉर्टिसॉलची उसळी कमी पिणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मोठी होती. आणि त्यांना तहान काही जास्त लागलेली नव्हती. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण ‘तहान लागेल तेव्हा’ या सल्ल्याला त्याने एक छिद्र पाडलं आहे, हे नाकारता येत नाही.

मधुमेहाशी या सगळ्याचा संबंध जोडण्याचा मोह मोठा आहे, आणि इथेच सावध राहायला हवं. व्हॅसोप्रेसिन रक्तात टिकत नाही, म्हणून संशोधक त्याच्यासोबत सुटणारं, जास्त स्थिर असलेलं कोपेप्टिन मोजतात. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या दीर्घकालीन पाहणीत कोपेप्टिन जास्त असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. फ्रान्समध्ये साडेतीन हजारांहून जास्त प्रौढांचा नऊ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा दिवसाला अर्ध्या लिटरहून कमी पाणी पिणाऱ्यांत रक्तातली साखर वाढण्याची जोखीम इतरांपेक्षा अधिक दिसली. पण पाणी कमी पिणारा माणूस इतरही बाबतींत वेगळा असतो. तो गोड पेयं पीत असेल, भाजी-फळं टाळत असेल. आकडेमोडीत हे फरक वजा केले तरी ते पूर्ण पुसले जात नाहीत. प्रत्यक्ष प्रयोगांची साक्षही फाटलेली आहे. मधुमेह असलेल्या नऊ पुरुषांना तीन दिवस पाणी कमी दिल्यावर त्यांची साखर जास्त चढली. निरोगी सोळा जणांवर पाण्याची तूट घडवणारा प्रयोग झाला तेव्हा कोपेप्टिन वाढलं, साखर हलली नाही. पाणी पिऊन मधुमेह टळतो, असं आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो पुराव्याच्या पुढे धावतो आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. या विषयावरच्या संशोधनात बाटलीबंद पाणी विकणाऱ्या एका फ्रेंच कंपनीचा पैसा बऱ्याच ठिकाणी आहे. तेवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचताना चष्मा पुसून घ्यावा. यातला दिलासा असा, की अपयशी प्रयोगही लपलेले नाहीत. कॅनडात मध्यम टप्प्यावरच्या मूत्रपिंडविकाराच्या ६३१ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज लिटरभर जादा पाणी पिण्याचं मार्गदर्शन केलं. २०१८ मध्ये निकाल आला: कोपेप्टिन उतरलं, पण वर्षभरात मूत्रपिंडाची घसरण त्यामुळे मंदावली नाही. संप्रेरक खाली आलं म्हणजे आजारही मागे हटतो, असं गृहीत धरणाऱ्यांसाठी हा निकाल कडू आहे. व्हॅसोप्रेसिनची कहाणी खरी असली, तरी ती प्रत्येक रोगाची किल्ली नाही.

निर्विवाद फायदा दिसतो तो खालच्या मजल्यावर, मूत्रमार्गात. मूतखडा होऊन गेलेल्या १९९ जणांवर इटलीत पाच वर्षं झालेला प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजची लघवी दोन लिटरच्या वर राहील इतकं पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि मुळात दीड लिटरहून कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी अर्ध्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त घेतलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ की आजी पाण्याचा तांब्या पुढे सरकवत असे. तिच्या उपायाला आता चांगली साक्ष मिळाली आहे.

मग किती प्यावं? एकच आकडा सर्वांना लागू होणार नाही. २३ देशांतल्या ५,६०४ लोकांच्या शरीरातली पाण्याची उलाढाल मोजणारा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. विशीतले पुरुष दिवसाला सुमारे ४.२ लिटर आणि वीस ते चाळीस वयाच्या स्त्रिया ३.३ लिटर पाण्याची उलाढाल करतात. उष्मा, दमटपणा, अंगमेहनत यांनी आकडा बदलतो. हे सगळं प्यायचं नसतं. आमटी, भात, ताक, कलिंगड यांतून पुष्कळ पाणी येतं, आणि चहाही त्यात धरावा. चहा-कॉफीने शरीर कोरडं पडतं, ही समजूत नेहमी पिणाऱ्यांच्या बाबतीत टिकत नाही. उलट टोकही आहे. मूत्रपिंड तासाला लिटरभरापेक्षा फार जास्त पाणी बाहेर टाकू शकत नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं निघालं, मुख्यतः अति पिण्याने. हृदय किंवा मूत्रपिंड थकलेल्यांनी तर डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादाच पाळावी. माझ्या मते, दोन लिटर सहज पिणाऱ्याने तिसऱ्या लिटरमागे लागण्यात फारसं काही नाही. दिवस लिटरभरावर काढणाऱ्याला मात्र मिळवण्यासारखं बरंच आहे.

अडचण एवढीच, की लिटरभरावर दिवस काढणारी माणसं हातात बाटली घेऊन व्यायामशाळेत दिसत नाहीत. त्यांत म्हातारी माणसं आहेत. ऑक्सफर्डमध्ये १९८४ सालीच दिसलं होतं, की चोवीस तास पाण्याविना राहूनही वृद्धांना तरुणांइतकी तहान लागत नाही. आणि तहान लागूनही न पिणाऱ्या बायका आहेत: बाजारात भाजी विकणाऱ्या, बंदोबस्ताला उभ्या असणाऱ्या पोलीस, बीडहून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड मजूर. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडं निकामी होण्याची जी साथ दिसली, तिच्या कारणांत उष्णता आणि पाण्याची तूट यांच्यावर मोठा संशय आहे. तिथे काही ठिकाणी पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती देऊन पाहिल्यावर मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाली. आपल्या फडात पाण्याचा हंडा पोचवला तरी बाई दोन घोटांवरच थांबेल. ती दिवसाला किती पाणी पिते, हे विचारण्याआधी सर्वांत जवळचं स्वच्छतागृह किती लांब आहे आणि त्याच्या दाराला आतून कडी आहे का, हे पाहायला हवं.