शिळी भाकरी कडक का होते?

भाकरी तव्यावरून थेट ताटात आली, पापुद्रा बोटाने फोडताच आतली वाफ बाहेर पडली, की सोबत नुसता ठेचा असला तरी जेवण होते. तीच भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी हातात घेतली तर वाकवताच मोडते. 'काल केली, आज वाळली' असे आपण सहज म्हणून जातो. पण हे म्हणणे अर्धेच खरे आहे. भाकरीतले पाणी उडून जाते हे बरोबर. परंतु पाणी अजिबात उडू दिले नाही तरीही ती कडक होते.

हे कसे कळले ते सांगण्याआधी ताजी भाकरी मऊ का असते ते पाहू या. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ या सर्व धान्यांच्या पिठात मुख्य भाग स्टार्चचा. त्याचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांतले लांब रेणू बऱ्याच ठिकाणी एकमेकांना चिकटून, शिस्तीत रचलेले असतात. थंड पाणी या कणांत फारसे शिरत नाही. तापमान वाढले की रचना सैल होते, पाणी आत शिरते, कण फुगतात आणि त्यांची खळ बनते. गव्हाच्या स्टार्चच्या बाबतीत हे सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास घडते, ज्वारीच्या बाबतीत त्याहून थोड्या अधिक तापमानाला.

भाकरीचे पीठ आधणाच्या पाण्याने का मळतात, याचे उत्तर इथेच आहे. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन हे प्रथिन असते. मळताना त्याचे ताणले जाणारे जाळे तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिथे कढत पाण्याने पिठातल्या थोड्या स्टार्चची खळ करून घ्यावी लागते आणि तीच पीठ धरून ठेवते. पीठ जुने झाले, त्याची विरी गेली, की भाकरी थापताना कडा चिरतात. अशा वेळी घरातल्या बायका पाणी अधिक कढत घेतात किंवा सरळ उकड काढतात. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता सापडलेला हा इलाज अगदी बिनचूक आहे.

भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात आणि ते पाणी पुरते सुकण्याआधी ती उलटतात. उशीर झाला तर वरचा थर तडकतो. तडा गेला की वाफेला वाट मिळते आणि भाकरी फुगत नाही. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशाला सुमारे १७०० घन सेंटिमीटर वाफ होते. दोन्ही बाजूंचे थर न तडकता भाजले गेले असतील, तर एवढ्याशा पाण्याची वाफ त्यांना एकमेकांपासून अलग करते. हाच पापुद्रा.

आता दुसऱ्या दिवसाकडे वळू. १८५२ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाव हवाबंद ठेवून पाहिला. ओलावा बाहेर जायला जागाच नव्हती, तरीही पाव शिळा आणि घट्ट झाला. तोच पाव पुन्हा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवला तेव्हा तो परत मऊ झाला. नुसते वाळणे हे कारण असते, तर असे घडले नसते. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काट्झ या डच संशोधकाने क्ष-किरणांच्या साहाय्याने स्टार्चच्या रचनेतला बदल दाखवला. शिजताना विस्कटलेले रेणू थंड झाल्यावर पुन्हा एकमेकांजवळ येतात, शिस्तीत रचले जातात, त्यांचे स्फटिकासारखे भाग तयार होतात. पाणी भाकरीतच असते, पण ते पूर्वीसारखे रेणूंमध्ये खेळत नाही.

स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. सरळ साखळीचे अमायलोज काही तासांतच परत जुळते. फांद्या असलेले अमायलोपेक्टिन हळूहळू, दिवसागणिक. तापवल्यावर अमायलोपेक्टिनची जुळणी मोडते, अमायलोजची मात्र तव्याच्या साध्या शेकाने मोडत नाही. म्हणून गरम केलेली शिळी पोळी मऊ होते, पण ताजी होत नाही. भाजताना सुटलेला वास तर आदल्या दिवशीच हवेत गेलेला असतो.

एक गोष्ट वर्गात सांगितली की मुले हमखास चकित होतात: ही पुनर्रचना सर्वांत वेगाने होते ती शून्य अंशाच्या थोडे वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानाला! डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलेली पोळी बाहेरच्या पोळीपेक्षा लवकर कडक होते. बर्फाच्या कप्प्यात ती जवळपास थांबते.

हे स्वतः पाहणे अवघड नाही. एकाच कणकेचे, बिनतेलाचे तीन फुलके घ्यावेत. ते निवल्यावर प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोलावेत. एक उघडा ठेवावा, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावा, तिसरा तसाच बांधून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलून, वाकवून पाहावे. उघड्याचे वजन घटलेले दिसेल. बांधलेल्या दोघांचे जवळजवळ तेवढेच राहील, तरी दोन्ही कालच्याइतके मऊ नसतील. शेवटी फ्रिजमधला फुलका तव्यावर टाकावा. बूसँगोचा प्रयोग घरच्या घरी होतो. (तिन्ही फुलके प्रयोगाचे आहेत, खाण्याचे नाहीत, हे आधीच बजावलेले बरे.)

इथे एका गल्लतीकडे लक्ष द्यायला हवे. 'शिळे' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो: कडक होणे आणि खराब होणे. पहिली स्टार्चची करणी, दुसरी सूक्ष्मजीवांची. त्या एकमेकींसोबत चालतीलच असे नाही. फोडणीच्या भाताला कालचा भात चांगला, कारण त्याची शिते घट्ट आणि मोकळी असतात. पण तोच भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला असेल तर? तांदळासोबत बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू येतात. भात शिजवताना ते मरत नाहीत. कोमट, ओलसर भातात ते रुजतात, जिवाणू वाढतात, आणि त्यांच्या काही जाती उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. फोडणी कितीही चरचरीत असली तरी ते टिकते, आणि भाताला वास येईलच असेही नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये उपाहारगृहांतल्या परतलेल्या भातामुळे झालेल्या विषबाधांतून हा प्रकार पुढे आला.

म्हणजे ज्या फ्रिजमध्ये भात कडक होतो, तिथेच तो सुरक्षित असतो. आणि ओट्यावर मऊ राहिलेला भात धोक्याचा असू शकतो. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी हवा तेवढाच काढून चांगला वाफाळेपर्यंत गरम करावा. घरी फ्रिज नसेल तर रात्रीचा भात मोजूनच लावावा. भाजलेल्या, कोरड्या भाकरीत हा धोका पुष्कळ कमी, म्हणून शेतावर जाणारा माणूस भाकरी फडक्यात बांधून नेत आला, भात नाही.

अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत 'शिळी पोळी मधुमेहावर औषध' असे वाचायला मिळते. थंड झालेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही, एवढे खरे आहे. पोळीच्या बाबतीत हा भाग थोडाच, आणि तेवढ्याने ती औषध ठरत नाही. शिळे खाण्याचे गुण गाणाऱ्या घरांत ते नेमके कोणाच्या ताटात पडते, हेही मुलांना एकदा विचारून पाहावे. बहुतेक वर्गांत उत्तर एकच येईल: आईच्या.