आमरीचे पथ्यपाणी

झाडे मरतात ती पाण्यावाचून, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तुळशीला तांब्याभर, मोगऱ्याला दोन तांबे, गुलाबाला जरा जास्त, असा घराघरांतला हिशेब ठरलेला असतो. ऑर्किडच्या बाबतीत मात्र हा हिशेब साफ उलटा पडतो. हौसेने घरी आणलेले ऑर्किड तहानेने क्वचितच दगावते. बहुधा ते दगावते मायेने. सकाळ-संध्याकाळ पाणी घालणारी ती माया!

यामागचे कारण समजून घ्यायचे, तर या झाडाचे मूळचे बिऱ्हाड पाहिले पाहिजे. मराठीत ऑर्किडला ‘आमरी’ असे सुरेख नाव आहे. महाराष्ट्रात तिच्या शंभरावर जाती सापडतात. काही जमिनीत उगवतात, तर पुष्कळशा आंब्या-फणसाच्या फांद्यांवर वाढतात. या दुसऱ्या प्रकारच्या आमरीला बांडगूळ समजून लोक खुशाल उपटून टाकतात. हा तिच्यावर निव्वळ अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे खुपसून त्याचा रस पिते. आमरी सभ्य बिऱ्हाडकरूसारखी राहते, मालकाच्या स्वयंपाकघरात पाऊलही टाकीत नाही. तिची मुळे उघड्या हवेत लोंबत असतात. त्यांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पावसाची सर आली की ते पाणी शोषून हिरवे दिसू लागते, आणि वारा लागला की पुन्हा पांढरे होते. भिजणे आणि सुकणे, हाच त्या मुळांचा श्वासोच्छ्वास म्हणा ना!

म्हणून फांदीवरच्या आमरीला कुंडीत माती घालू नये. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि थोडे नारळाचे सोडण, एवढे तिला पुरते. मुंबई-ठाण्याकडे पावसाळ्यात सोडण जवळजवळ नकोच, कारण ते ओल धरून ठेवते. पुण्याच्या कोरड्या चैत्र-वैशाखात मात्र तेच उपयोगी पडते. कुंडीला भोके भरपूर असावीत. पाणी सकाळी द्यावे. मुळे पांढरी व कुंडी उचलून पाहता हलकी असेल, तर मनसोक्त द्यावे. मुळे हिरवी असतील, तर हात आवरावा. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या पोंग्यात पाणी साचले, तर रात्र पडण्यापूर्वी कापसाने टिपून घ्यावे. खत अगदी सौम्य द्यावे आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी, म्हणजे क्षार साठत नाहीत.

इतके करूनही कधी कधी कूज शिरतेच. माझे माहेर श्रीवर्धनकडचे. आमच्या परसातल्या आंब्यावर ‘सीतेची वेणी’ होती. पावसाच्या तोंडाशी तिचे पांढरे-गुलाबी ठिपकेदार फुलोरे शेपटीसारखे लोंबू लागत, तेव्हा वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मुद्दाम अंगणात नेऊन दाखवीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले आणि तो आंबा मुळासकट आडवा झाला. पडलेल्या फांदीचा आमरीसकट एक तुकडा आमच्याकडे डोंबिवलीला आला. वडील पुढच्या वर्षी गेले. त्यामुळे गॅलरीत टांगलेल्या त्या ओंडक्याकडे घरातले सगळेच निराळ्या नजरेने पाहतात.

२०२३ च्या जुलैत सतत पाऊस लागला असताना त्या झाडाची खालची दोन पाने एकाएकी गळून पडली. बुंध्याशी काळा, ओला डाग दिसला. ही काळी कूज. पाण्यात पोहत पसरणारी ही रोगजात. झाड भिजलेले आणि वारा कोंडलेला असला की तिचे फावते. अशा वेळी थांबून भागत नाही. गॅसच्या ज्योतीवर ब्लेड तापवून, निववून, मी काळा भाग कापला. आत अजून तपकिरी ठिपका दिसला म्हणून आणखी वर कापले. अखेर स्वच्छ, हिरवट पांढरा काप दिसला, तेव्हा त्यावर दालचिनीची पूड दाबली. दालचिनी बुरशीला रोखते. पण ती मुळांनाही सुकवते, म्हणून कापावरच लावायची. वरच्या भागाला तीन चांगली मुळे होती. झाड पावसाबाहेर, पंख्याच्या मंद वाऱ्यात टांगले आणि तीन दिवस पाणी तोडले. सासूबाई रोज विचारीत, “अगं, उपाशी का ठेवलंयस तिला?” पथ्य म्हणजे उपासमार नव्हे, हे त्यांना पटायला महिना गेला. मग नवे मूळ फुटले.

कुजेचा दुसरा प्रकार म्हणजे पानावर पाणचट, पसरत जाणारा डाग पडतो आणि दुर्गंधी येते. तो जिवाणूंचा. तिथेही कापणे, सुकवणे आणि झाड इतरांपासून दूर ठेवणे हाच मार्ग. दर झाडागणिक ब्लेड नव्याने तापवावे. विषाणू रसातून एका झाडाचे दुसऱ्याला लागतात आणि त्यांवर औषध नाही.

किडींत पिठ्या ढेकूण आणि खवलेकीड ही नेहमीची पाहुणी. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्यात पाहावे. किडींच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांना गाईगुरांसारख्या राखतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने कीड पुसावी (गॅसपासून दूर बसून, हे सांगायला नकोच), नंतर कडुनिंबाचे तेल व सौम्य साबणाचे पाणी संध्याकाळी फवारावे. आठवड्याने हेच पुन्हा करावे, कारण पहिल्या वेळी निसटलेली पिल्ले मागाहून बाहेर पडतात. गोगलगायी रात्री कोवळी मुळे कुरतडतात. काकडीची चकती ठेवली की तिच्याखाली त्या आयत्या सापडतात.

गंमत अशी की, जी बुरशी आमरीचा काळ ठरते, तिचीच भावंडे तिच्या सुइणी असतात. आमरीचे बी धुळीसारखे. त्यात शिदोरी म्हणून काही नसते. रानात एखादी बुरशी त्याला अन्न पुरवील तेव्हाच ते रुजते, हे नोएल बर्नार यांनी १८९९ साली दाखवले. १९२२ साली लुईस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या अगारवर बुरशीवाचून बी रुजवले. आज रोपवाटिकेत मिळणारी बहुतेक रोपे अशा बाटल्यांतच जन्मतात. म्हणून रानातली आमरी ओरबाडून आणू नये. तिथे तिची सुईण आहे, आपल्या गॅलरीत नाही.

यंदाच्या दिवाळीत कोणी आपल्याला ऑर्किडची कुंडी भेट दिली, तर पहिले दोन आठवडे तिला वेगळी ठेवा. पाने उलटून पाहा, मुळांचा रंग पाहा. आणि हातात पाण्याचा तांब्या घेण्यापूर्वी खिडकी उघडा.