प्रवाळाचे अन्न : उजेड

घरातील मोठ्या प्रवाळ-टाकीवर कोणता दिवा लावावा, असा प्रश्न निघाला की दृष्टी प्रथम शोभेकडे जाते. वस्तुतः हा प्रश्न अन्नाचा आहे. प्रवाळ हा प्राणी खरा. पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. ती उजेडावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. दिवा अपुरा पडला, की प्रवाळाची उपासमार सुरू होते.

आता पाण्याचा स्वभाव पाहा. ते तांबडा प्रकाश आधी शोषून घेते. निळा खोलवर जाऊ देते. या शैवालांना तोच निळा मानवतो. आपल्या डोळ्यांना मात्र हिरवट-पिवळा अधिक उजळ भासतो. म्हणून डोळ्यांच्या साक्षीवर न विसंबता पाण्याखाली धरण्याचे प्रकाशमापक वापरावे. दिव्यावरचा वॉटचा आकडा केवळ विजेचा खर्च सांगतो.

पूर्वी मेटल हॅलाइड दिवे वापरीत. त्यांनी पाणी तापे. एलईडी दिव्यांनी तो त्रास बराच कमी केला. टाकी ६ फूट लांब असल्यास मध्यभागी एकच प्रखर दिवा टांगण्यापेक्षा तीन मध्यम दिवे बरे. सावल्या कमी पडतात. ॲक्रोपोरासारखे उजेडाचे भुकेले प्रवाळ वर, मऊ प्रवाळ खाली ठेवावेत.

अतिरेकही घातकच. उजेड एकाएकी वाढला, की प्रवाळ आपली शैवाले गमावतो व पांढरा पडतो. यास्तव नवा दिवा आरंभी मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू चढवावा.

आणि एक गोष्ट ध्यानात असावी : भारतात खडक रचणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. छंदापायी ते आपल्या समुद्रातून उचलून आणणे हा गुन्हा आहे.