प्लॉट : साडेबारा टक्क्यांचा शब्द

नवीन पनवेलमध्ये पत्ता सांगताना आधी सेक्टर येतो, मग प्लॉट नंबर, मग सोसायटीचं नाव. त्याच वसाहतीच्या पोटात पोदी गाव आहे. तिथे किंवा शेजारच्या आसुडगावात ‘तुमचा प्लॉट निघाला का?’ असं कुणी विचारलं, तर तो जमिनीबद्दल बोलत नसतो. पात्रता ठरली का, वारसदाखला जोडला का, इरादापत्र आलं का, सोडतीत नंबर लागला का, एवढं सगळं त्या एका प्रश्नात असतं. जमीन प्रत्यक्ष दिसण्याआधीच ‘फाईल’ बिल्डरकडे गेलेली असू शकते.

इंग्रजीत ‘प्लॉट’ हा शब्द मुळात जमिनीच्या लहानशा तुकड्याचा. सोळाव्या शतकात तो त्या तुकड्याच्या आराखड्यालाही लागला. आराखड्यावरून बेत आणि बेतावरून कट असा तो सरकत गेला. कटाच्या अर्थाला फ्रेंचमधल्या ‘कोंप्लो’ या शब्दाचाही हातभार लागला. १६०५ मध्ये लंडनचं संसद भवन दारूगोळ्याने उडवण्याचा डाव फसला, तो इतिहासात ‘गनपावडर प्लॉट’ म्हणूनच नोंदला गेला. त्याच काळातल्या नाटकमंडळ्यांत कोणत्या प्रवेशाला कोणी रंगमंचावर जायचं याचा तक्ता पडद्यामागे टांगलेला असे. त्यालाही प्लॉटच म्हणत. कथानक, आलेखावरचे बिंदू, नकाशावर आखलेला जहाजाचा मार्ग हेही अर्थ त्याला चिकटले. मराठीने यातले जमीन आणि कथानक हे दोन अर्थ मनापासून घेतले. कटासाठी आपल्याकडे कट, कारस्थान, डाव असे भरपूर शब्द होतेच.

पण जमिनीचा अर्थ इथे आला तो आखलेल्या, नंबर घातलेल्या रूपात. मार्च १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादनाखाली आली. त्या जमिनीत भातखाचरं होती, खार होती, मिठागरं होती. घरातल्या माणसांसाठी प्रत्येक तुकड्याला नाव असे, कधी बांधावरच्या झाडाचं, कधी जुन्या मालकाचं. सातबाऱ्यावर निदान धारकाचं नाव आणि पीक तरी नोंदलं जाई. सेक्टरच्या नकाशात फक्त चौकोन आणि आकडा उरला.

मोबदल्याचा प्रश्न पेटला तेव्हा शेतकऱ्यांचं नेतृत्व जासईच्या दि. बा. पाटलांनी केलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं; पुढे १९९० आणि १९९४ च्या शासननिर्णयांनी त्याला आकार दिला. या भागात ‘साडेबारा टक्के’ हा शब्दप्रयोग पुढे काही न जोडता वापरतात, आणि ऐकणाऱ्याला प्लॉट कळतो.

हिशेब एकदा मांडून पाहावा. एका एकराचे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, हाती राहतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक आणि १५ टक्के व्यापारी वापर. ज्या घरात चार भाऊ आणि तीन बहिणी वारस, तिथे हे साडेतीन गुंठे कसे वाटायचे? म्हणूनच बिल्डर, त्रिपक्षीय करार आणि बदल्यात मिळणारे फ्लॅट. मला यात सर्वांत जास्त खुपते ती एक बाब: ही जमीन परत मिळाली ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. सातबाऱ्यावर जो मालक होता, तो प्लॉटवर भाडेपट्टेदार झाला. लढून मिळवलेल्या हक्काचं मोल कमी लेखायचं नाही. सिडकोच्या आधी ज्यांची जमीन संपादनात गेली, अशा कित्येक कोकणी शेतकऱ्यांना एवढंही मिळालं नव्हतं. तरी मालकी आणि भाडेपट्टा हे दोन्ही झाकून टाकणारा शब्द एकच आहे, आणि त्यामुळे तोटा बोलण्यात उमटतच नाही.

प्लॉट मिळायला उशीर होत गेला, कुटुंबं वाढली. लोकांनी गावठाणाभोवती घरं बांधली. त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. सरकारी कागदांवर प्लॉटचा ‘भूखंड’ होतो. भूगोलाच्या पुस्तकात गोंडवन हाही भूखंडच, आणि साडेतीन गुंठेही भूखंडच! नवी मुंबई विमानतळासाठी ज्यांनी गाव सोडलं, त्यांच्या पॅकेजमध्ये आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला.

जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रासाठी सिडको नियोजन प्राधिकरण झाली. इथे संपादन नाही, नगररचना योजना आहे: जमीन एकत्र करायची, रस्ते काढायचे आणि मालकाला ४० टक्के परत द्यायची. पहिली योजना नवीन पनवेलजवळच्या आकुर्लीसह बेलवली आणि चिखले या गावांची. तिच्या तक्त्यात दोन रकाने असतात, ‘मूळ भूखंड’ आणि ‘अंतिम भूखंड’. अंतिम म्हणजे मिळणारा ४० टक्क्यांचा तुकडा. मूळ म्हणजे शेत. त्यात भात उभं असलं, तरी तक्त्यात ते प्लॉट म्हणूनच चढतं.