ॲलन, फॉरेस्ट क्लेअर
(१८ नोव्हेंबर १८८५–१६ सप्टेंबर १९७४). अमेरिकन बास्केटबॉल प्रशिक्षक. ‘फॉग’ ॲलन या नावाने अधिक प्रसिद्ध. ज्या कॅनझस विद्यापीठात तो विद्यार्थी व खेळाडू होता, त्याच विद्यापीठाच्या संघाला त्याने एकूण ३९ हंगाम मार्गदर्शन केले. बास्केटबॉलचे प्रशिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता पावला, त्याचे पुष्कळसे श्रेय ॲलनला दिले जाते.

त्याचा जन्म मिसूरी राज्यातील जेम्सपोर्ट येथे झाला. बालपण त्याच राज्यातील इंडिपेन्डन्स या गावी गेले. तेथे भावांबरोबर खेळताना त्याला बास्केटबॉलची गोडी लागली. पुढे बेसबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून काम करीत असता, धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारख्या त्याच्या खणखणीत आवाजामुळे त्याला ‘फॉग’ हे टोपणनाव मिळाले. १९०५ मध्ये त्याने कॅनझस सिटी येथे स्थानिक क्लबचा संघ व त्या काळचा बलाढ्य ‘बफालो जर्मन्स’ संघ यांच्यात तीन सामन्यांची मालिका घडवून आणली. तीपैकी दोन सामने स्थानिक संघाने जिंकले. या संघातून ॲलन स्वतः खेळला होता.

कॅनझस विद्यापीठात त्याला लाभलेला गुरू म्हणजे या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ. नेस्मिथने १८९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे हिवाळ्यातील बंदिस्त व्यायामासाठी हा खेळ शोधून काढला आणि १८९८ मध्ये तो लॉरेन्स येथील कॅनझस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा अध्यापक म्हणून आला. बास्केटबॉल हा खेळावयाचा खेळ आहे, शिकविण्याचा नव्हे, अशी त्याची धारणा होती. शेजारच्या बेकर विद्यापीठाने ॲलनला प्रशिक्षक म्हणून बोलावले तेव्हा नेस्मिथला ती कल्पना हास्यास्पद वाटली, असे सांगितले जाते. नेस्मिथच्या मार्गदर्शनाखाली कॅनझसच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. जय-पराजयाला त्याच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. याउलट, सराव, शिस्त व अभ्यास यांच्या बळावर खेळाचा दर्जा वाढविता येतो, असा शिष्याचा दृढ विश्वास होता. गुरूच्या मताला शिष्याने दिलेले हे उत्तर ॲलनच्या पुढील कार्यात सर्वत्र दिसते.

१९०७ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ॲलनने नेस्मिथकडून कॅनझसच्या संघाची सूत्रे घेतली. १९०९ मध्ये ती सोडून त्याने ऑस्टिओपॅथी या अस्थी व स्नायू यांच्या हस्तोपचारांवर भर देणाऱ्या वैद्यकशाखेचे शिक्षण घेतले. १९१२ ते १९१९ या काळात तो मिसूरीतील वॉरेन्सबर्ग येथील अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षक होता. १९१९ मध्ये क्रीडासंचालक म्हणून तो मातृसंस्थेत परतला आणि १९५६ पर्यंत तेथेच राहिला. वैद्यकीय ज्ञानाचा उपयोग त्याने खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करण्यासाठी, तसेच त्यांची विश्रांती, आहार व पायांची निगा यांच्या नियोजनासाठी केला. पदन्यास, चेंडूची अचूक देवघेव आणि बचावातील शरीराचा पवित्रा या मूलभूत गोष्टींवर त्याचा विशेष भर असे. प्रत्येक खेळाडूने एकेका प्रतिस्पर्ध्याला रोखणे आणि मैदानाचा ठराविक भाग सांभाळणे या बचावाच्या दोन पद्धतींचा मेळ घालण्याचा त्याने प्रयत्न केला. माय बास्केटबॉल बायबल (१९२४) व बेटर बास्केटबॉल (१९३७) हे त्याचे ग्रंथ प्रशिक्षकांत प्रसिद्ध होते.

त्याच्या कार्यकालात कॅनझसने ५९० सामने जिंकले, २१९ गमावले व २४ वेळा विभागीय अजिंक्यपद मिळविले. १९२२ व १९२३ या वर्षांचे राष्ट्रीय विजेतेपद हेल्म्स ॲथलेटिक फाउंडेशन या संस्थेने मागाहून जुन्या नोंदी तपासून कॅनझसला दिले, कारण त्या वेळी राष्ट्रीय स्पर्धाच भरत नसे. १९५२ मध्ये मात्र कॅनझसने अंतिम सामन्यात सेंट जॉन्स विद्यापीठाचा ८०–६३ असा पराभव करून राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. या विजयाचा प्रमुख शिल्पकार उंचापुरा खेळाडू क्लाइड लव्हलेट हा होता. त्याच वर्षी हेल्‌सिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघात कॅनझसचे सात खेळाडू होते व ॲलन त्या संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता.

ॲलनचे कार्य एका विद्यापीठापुरते सीमित नव्हते. १९२७ मध्ये नियम-समितीने चेंडूचे टप्पे मारीत पुढे जाण्यावर बंधन घालून केवळ एकाच टप्प्याची मुभा देण्याचे ठरविले. त्यामुळे खेळाचे एक मुख्य कौशल्यच नष्ट होणार होते. ॲलनने देशभरातील प्रशिक्षकांना एकत्र आणून या निर्णयाला विरोध केला व तो मागे घ्यावयास लावला. याच चळवळीतून बास्केटबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना जन्माला आली आणि ॲलन तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश व्हावा, म्हणूनही त्याने चिकाटीने प्रयत्न केले. त्या सामन्यांना वृद्ध नेस्मिथ उपस्थित होता. महाविद्यालयीन सामन्यांवरील जुगाराच्या धोक्याकडे त्याने उघडपणे लक्ष वेधले होते. १९५१ मध्ये लाचलुचपतीची मोठी प्रकरणे उघडकीस आल्यावर त्याचा इशारा खरा ठरला. उंच खेळाडूंचे वर्चस्व कमी करण्यासाठी जाळीची उंची दहा फुटांवरून बारा फूट करावी, ही त्याची सूचना मात्र स्वीकारली गेली नाही.

असे असूनही १९५५ मध्ये त्याने सात फुटांहून अधिक उंचीच्या विल्ट चेंबरलिन या फिलाडेल्फियाच्या खेळाडूला कॅनझसमध्ये आणले. तत्कालीन नियमांनुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. १८ नोव्हेंबर १९५५ रोजी, म्हणजे ॲलनच्या सत्तराव्या वाढदिवशी, प्रथम वर्षाच्या संघाने मुख्य संघाला ८१–७१ असे हरविले. त्यांत एकट्या चेंबरलिनने ४२ गुण मिळविले. परंतु राज्याच्या नियमानुसार सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना निवृत्त होणे सक्तीचे होते. ॲलनने मुदतवाढ मागितली. ती नाकारण्यात आली. १९५६ मध्ये त्याला पद सोडावे लागले. ज्या खेळाडूसाठी त्याने एवढी खटपट केली, त्याला मुख्य संघात खेळविण्याची संधी त्याला मिळाली नाही. त्याचा माजी शिष्य व साहाय्यक डिक हार्प याच्या मार्गदर्शनाखाली कॅनझसचा संघ १९५७ च्या अंतिम सामन्यात पोहोचला. मात्र तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून ५४–५३ असा अवघ्या एका गुणाने पराभूत झाला.

ॲलनचा वारसा त्याच्या शिष्यांनी पुढे चालविला. त्याच्या संघात असलेल्या ॲडॉल्फ रपने केंटकी विद्यापीठात ८७६ विजय मिळवून गुरूचा विक्रम मागे टाकला. १९५२ च्या विजेत्या संघातील डीन स्मिथने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ८७९ विजय मिळवून १९९७ मध्ये रपलाही मागे टाकले. प्रशिक्षणाने खेळ घडविता येतो, या ॲलनच्या प्रतिपादनाचा यापेक्षा सबळ पुरावा दुसरा नाही. खुद्द नेस्मिथनेही अखेर आपल्या छायाचित्रावर स्वाक्षरी करताना ॲलनचा बास्केटबॉल-प्रशिक्षणाचा जनक म्हणून गौरव केला.

१९५५ मध्ये उघडण्यात आलेल्या विद्यापीठाच्या भव्य क्रीडागृहाला ‘ॲलन फील्डहाउस’ असे नाव देण्यात आले. त्यातील मैदानाला नेस्मिथचे नाव आहे. १९५९ मध्ये नेस्मिथच्या नावाने स्थापन झालेल्या बास्केटबॉल गौरवमंडलात पहिल्याच वर्षी ॲलनची निवड झाली. लॉरेन्स येथे तो निधन पावला.